भिशीच्या वहीपासून प्ले स्टोअरपर्यंत : मोबाईल ॲप बनवायला शिकायचं, तर सुरुवात कुठून?

कल्याण, मुंब्रा किंवा ठाण्याहून रोज लोकल पकडणाऱ्या माणसाच्या मोबाईलमध्ये 'एम-इंडिकेटर' नाही, असं क्वचितच होतं. पुढची स्लो किती वाजता, ती डोंबिवलीला थांबते की नाही, मेगाब्लॉक कुठे आहे, हे विचारायला आता कुणी इंडिकेटरखाली मान वर करून उभं राहत नाही. हे ॲप कुठल्या परदेशी कंपनीने बनवलेलं नाही. सचिन टेके या मराठी इंजिनिअरने ते बनवलं, आणि त्याची सुरुवात झाली ती जावावर चालणाऱ्या साध्या बटणांच्या फोनवर. तेव्हा मोबाईलवर इंटरनेट महाग होतं आणि बोगद्यात, गर्दीत ते मिळतही नसे. म्हणून वेळापत्रक फोनच्या आतच साठवून ठेवायचं आणि नेट नसतानाही दाखवायचं, ही त्यातली खरी हुशारी.

ही गोष्ट आधी सांगण्याचं कारण असं, की दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यातल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगा म्हणतो, 'मला ॲप डेव्हलपर व्हायचंय'. अब्बूंना त्यातलं फारसं कळत नाही, पण मुलगा काहीतरी चांगलं मागतोय एवढं कळतं. मग स्टेशनबाहेरच्या एखाद्या क्लासचा बोर्ड दिसतो. 'शंभर टक्के नोकरी' असं त्यावर लिहिलेलं असतं. घरातली बचत, कधी अम्मीचे दागिने मोडून आलेले पैसे त्या क्लासमध्ये जातात. सहा महिन्यांनी मुलाच्या हातात एक प्रमाणपत्र असतं, आणि स्वतः बनवलेलं ॲप मात्र एकही नसतं. म्हणून आम्ही इथे क्लासच्या आधी काय करायचं, ते सांगणार आहोत.

ॲप म्हणजे नेमकं काय

एम-इंडिकेटरचंच उदाहरण घेऊ. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, डोळ्यांना दिसणारा पडदा, म्हणजे बटणं, यादी, रंग. दुसरी, माहिती, म्हणजे कुठली गाडी कुठल्या स्टेशनवर कधी येते. आणि तिसरी, या दोघांना जोडणारा विचार : आत्ता ९ वाजून १० मिनिटं झालीत, माणूस मुंब्र्यात आहे, त्याला ठाण्याकडे जायचंय, तर यानंतरच्या गाड्या क्रमाने दाखव. हा तिसरा भाग म्हणजेच प्रोग्रामिंग. नवशिक्या मुलांचं सगळं लक्ष पहिल्या भागावर असतं, रंग कसा, लोगो कसा. ॲप चालतं किंवा पडतं ते मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या भागावर.

लॅपटॉप नसेल तर?

लॅपटॉप नसला तरी पहिला महिना अडत नाही. एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठाचं 'ॲप इन्व्हेंटर' नावाचं साधन फुकट आहे आणि ते ब्राउझरमध्येच चालतं. त्यात कोड टाईप करायचा नसतो. रंगीत तुकडे एकमेकांत अडकवायचे, आणि बनवलेलं ॲप आपल्याच अँड्रॉइड फोनवर लगेच पाहायचं. शाळेच्या संगणक कक्षातल्या जुन्या मशिनवरही हे जमतं. काही पोरं याला लहान मुलांचा खेळ म्हणून नाक मुरडतात. आमच्या मते ती चूक आहे. 'जर असं झालं तर तसं कर' हा विचार इथे जितका स्वच्छ कळतो, तितका जाड पुस्तकात कळत नाही.

पुढे खरं काम 'अँड्रॉइड स्टुडिओ'मध्ये करायचं. तेही फुकट आहे, पण ते मशिनला जड जातं. किमान ८ जीबी रॅम लागते, १६ असेल तर उत्तम. जुना लॅपटॉप घेणार असाल तर प्रोसेसरच्या नावापेक्षा रॅम आणि एसएसडी आहे का ते पाहा. साध्या हार्ड डिस्कवर अँड्रॉइड स्टुडिओ उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुनी मशिनं मिळतात, मात्र तिथे जाताना मशिन पारखणारा कुणीतरी सोबत न्या.

एक युक्ती लगेच सांगून ठेवतो. अँड्रॉइड स्टुडिओत संगणकावरच एक खोटा फोन चालवता येतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. कमी रॅमच्या लॅपटॉपचा तो जीव घेतो. त्यापेक्षा स्वतःचा फोन केबलने जोडा. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर' शोधून त्यावर सात वेळा बोट टेकवलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं. मग तुमचं ॲप थेट खऱ्या फोनवर उतरतं.

आयफोनसाठी ॲप बनवायचं तर ॲपलचा मॅक संगणक लागतो आणि दरवर्षी ९९ डॉलर भरावे लागतात. आपल्या भागात बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडच असतो, त्यामुळे तो विषय सध्या बाजूला ठेवा.

कोणती भाषा शिकायची, यावर फार वाद घालू नका

क्लासवाले इथेच गोंधळ घालतात. स्थिती साधी आहे. अँड्रॉइडसाठी गुगलने २०१७ मध्ये कोटलिन या भाषेला अधिकृत मान्यता दिली, आणि २०१९ पासून कोटलिनलाच पहिलं स्थान दिलं. दुसरा रस्ता फ्लटरचा. त्यात डार्ट नावाची भाषा वापरतात आणि एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप निघतं. तिसरा रिॲक्ट नेटिव्हचा, ज्यांना वेबसाईट बनवण्याची जावास्क्रिप्ट आधीच येते त्यांच्यासाठी बरा. कोराी पाटी असेल तर कोटलिन घ्या, असं आमचं मत आहे. गुगलचा 'अँड्रॉइड बेसिक्स' हा कोर्स फुकट आहे आणि तो अगदी शून्यापासून सुरू होतो. पण कुणी जवळचा माणूस फ्लटरवर काम करत असेल आणि शिकवायला तयार असेल, तर बिनधास्त फ्लटर घ्या. अडल्यावर हात देणारा माणूस भाषेपेक्षा मोठा.

उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इंग्रजीची भीती असते. ती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही, पण ती जितकी वाटते तितकी मोठी नाही. कोडमध्ये रोज लागणारे इंग्रजी शब्द मोजकेच असतात : इफ, एल्स, फॉर, व्हाईल. कोटलिनमध्ये तर प्रत्येक फंक्शनची सुरुवात 'फन' या शब्दाने होते. उर्दू जाणणाऱ्यांना हे लक्षात ठेवायला सोपं. फन म्हणजे हुनर, कला! अडचण येते ती चुकीचा लाल संदेश पडद्यावर येतो तेव्हा. तो पूर्ण वाचायची गरज नसते. पहिली ओळ वाचायची, कुठल्या फाईलच्या कितव्या ओळीत घोटाळा आहे ते पाहायचं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात जावा, पायथन असे विषय छोट्या व्हिडिओंतून मोफत शिकवले आहेत आणि त्यातले बरेच मराठी आवाजातही आहेत. प्रोग्रामिंगचा पाया मायबोलीत ऐकायचा असेल तर तिथून सुरुवात करता येते.

पहिलं ॲप : भिशीची वही

नवशिक्या मुलाला विचारलं की तो सांगतो, 'मी व्हॉट्सॲपसारखं ॲप बनवणार'. बनवू दे की, पण नंतर. पहिलं ॲप घरातलं असावं. मुंब्रा-कौसा असो, राबोडी असो, कल्याण असो की भिवंडी, बायकांची भिशी सगळीकडे चालते आणि तिचा हिशेब एखाद्या जुन्या वहीत असतो. त्या वहीचं ॲप बनवा.

समजा बारा जणी आहेत, प्रत्येकीचे महिन्याला २,००० रुपये. म्हणजे दर महिन्याला २४,००० रुपये जमतात आणि ते एकीला मिळतात. बारा महिन्यांत फेरी पूर्ण. ॲपने दोनच प्रश्नांची उत्तरं द्यायची : या महिन्याचे पैसे कुणाचे यायचे बाकी आहेत, आणि कुणाकुणाची भिशी अजून उठलेली नाही. ऐकायला किती सोपं! आता बनवायला बसा.

पहिला घोटाळा पहिल्याच दिवशी होतो. बारा नावं भरली, ॲप बंद केलं, पुन्हा उघडलं तर नावं गायब. कारण तुम्ही ती फक्त चालू स्मरणात ठेवली होती, फोनच्या साठवणीत नाही. इथे तुम्हाला डेटाबेस का लागतो ते कळतं. अँड्रॉइड फोनमध्ये एसक्यूलाईट नावाचा छोटा डेटाबेस आधीपासूनच असतो, आणि तो सोपेपणाने वापरण्यासाठी 'रूम' नावाची लायब्ररी आहे. क्लासमध्ये हा धडा पाठ करून घेतात. गायब झालेली बारा नावं पाहिली की तो पाठ करावा लागत नाही.

दुसरा घोटाळा जास्त मजेचा आहे. तुम्ही एक तक्ता केला : नाव, आणि पुढे बारा महिन्यांचे बारा रकाने. मग अम्मी सांगते, 'अरे, खालच्या मजल्यावरच्या खालांनी दोन हिस्से घेतलेत'. म्हणजे त्या महिन्याला ४,००० देतात आणि त्यांची भिशी दोनदा उठणार. आता काय, त्यांचं नाव दोनदा लिहायचं? लिहिलंत तर त्यांचा फोन नंबर बदलल्यावर दोन ठिकाणी बदलावा लागेल, आणि एक ठिकाण हमखास राहून जाईल. बरोबर रचना अशी : माणसांचा एक तक्ता, हिश्श्यांचा दुसरा, आणि भरलेल्या हप्त्यांचा तिसरा. एका माणसाचे कितीही हिस्से असू शकतात, एका हिश्श्याचे बारा हप्ते. मोठमोठ्या बँकांची सॉफ्टवेअरही याच तत्त्वावर उभी असतात, आणि ते तुम्हाला खालांच्या दोन हिश्श्यांनी शिकवलं.

मग प्रश्न वाढत जातात. सहाव्या महिन्यात कुणी गाव सोडून गेली तर? तिची भिशी आधीच उठली असेल तर वेगळं, नसेल तर वेगळं. कुणी २,००० ऐवजी आज १,५०० दिले आणि बाकीचे जुम्म्यानंतर देते म्हणाली तर? म्हणजे 'भरले' आणि 'नाही भरले' एवढ्या दोन खुणा पुरत नाहीत, रक्कम लिहावी लागेल. आणि रक्कम लिहिताना पूर्णांकातच लिहा. संगणक दशांश अपूर्णांक आपल्यासारखे साठवत नाही, त्यात अगदी बारीक चूक राहते आणि बेरजेत ती कधीतरी वर येते. पैशाच्या हिशेबात ती चालत नाही.

पैशाची देवाणघेवाण मात्र ॲपमध्ये आणू नका. ती जशी हातोहात किंवा यूपीआयने होते तशीच होऊ द्या. तुमचं ॲप फक्त वही आहे. दुसऱ्याचे पैसे फिरवणं हा कायद्याचा आणि जबाबदारीचा वेगळाच मामला आहे. शिकाऊ माणसाने त्यात पाय घालू नये.

मराठी, उर्दू आणि असरची वेळ

भिशीचं ॲप चाललं की त्यात भाषा घाला. अँड्रॉइडमध्ये पडद्यावरचे सगळे शब्द कोडमध्ये न लिहिता वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचे असतात. मराठीची एक फाईल, उर्दूची एक. फोनची भाषा जी असेल ती फाईल आपोआप उचलली जाते. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे मांडणी करताना 'डावीकडे-उजवीकडे' असं न सांगता 'सुरुवातीला-शेवटी' असं सांगायचं. मग उर्दूत पडदा आपोआप उलटतो. नस्तालीक फॉन्ट वापरलात तर ओळीची उंची वाढवा, नाहीतर अक्षरं वरून-खालून कापली जातात. दोन भाषांत चालणारं ॲप दाखवणारा नवखा उमेदवार मुलाखतीत उठून दिसतो. कारण हे काम अनेक अनुभवी लोकही टाळतात.

दुसरं ॲप अनेकांच्या मनात असतं ते नमाजच्या वेळांचं. छान आहे. वेळा काढायचं गणित तयार मिळतं, 'अधान' नावाची खुली लायब्ररी त्यासाठी आहे. पण आपल्या भागात एक गोष्ट हमखास चुकते. हनफी आणि शाफई यांची असरची वेळ वेगळी असते. शाफई पद्धतीत वस्तूची सावली, दुपारची सावली वजा करून, वस्तूएवढी झाली की असर सुरू होते. हनफी पद्धतीत ती दुप्पट व्हावी लागते. घड्याळात हा सुमारे तासाभराचा फरक पडतो. उत्तर भारतातून आलेली बहुतेक कुटुंबं हनफी, कोकणी मुस्लीम शाफई, आणि कल्याण-भिवंडी-मुंब्र्यात दोघंही एकाच इमारतीत राहतात. सेटिंग्जमध्ये हा पर्याय दिला नाही तर निम्म्या लोकांसाठी तुमचं ॲप चुकीचं ठरेल. वापरणारा कोण आहे हे माहीत असणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

कुठली परवानगी मागायची

याच ॲपमध्ये एक मोठा धोकाही आहे. नमाजची वेळ काढायला जागा लागते, म्हणून मुलं लगेच फोनचं लोकेशन मागतात. नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकी वृत्तसंकेतस्थळाने उघड केलं, की जगभर कोट्यवधी मुस्लिमांनी घेतलेल्या 'मुस्लीम प्रो' या ॲपमधून लोकांच्या ठिकाणांची माहिती 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होती, आणि ती कंपनी असा डेटा अमेरिकी लष्कराशी संबंधित कंत्राटदारांना विकत होती. बातमीनंतर मुस्लीम प्रोने एक्स-मोडशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. नमाजला उभं राहण्यासाठी वापरलेलं ॲप आपली जागा कुणाला तरी सांगत होतं, हे ऐकून त्या वेळी अनेकांनी ते काढून टाकलं.

तुम्हाला लोकेशनची गरजच नाही. ठाणे, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण, भिवंडी अशी गावांची यादी द्या, अक्षांश-रेखांश ॲपमध्येच ठेवा. ठाणे आणि कल्याण यांच्यात सूर्याच्या हिशेबाने जेमतेम पाऊण मिनिटाचा फरक पडतो! भिशीच्या ॲपलाही संपर्क यादी कशाला हवी? बारा नावं हाताने भरता येतात. कर्ज देणाऱ्या ॲप्सनी लोकांच्या संपर्क याद्या आणि फोटो उचलून वसुलीसाठी जो छळ केला, तो आपल्या भागानेही पाहिला आहे. त्यानंतर गुगलने ३१ मे २०२३ पासून अशा ॲप्सना संपर्क आणि फोटो पाहण्यास बंदी केली. पुढेमागे कुणी पैसे देऊन असलं ॲप बनवून मागितलं, तर नाही म्हणायची तयारी ठेवा.

मुलींच्या घरची काळजी

कोड ठेवण्यासाठी गिटहब वापरतात. मात्र २०२१ मध्ये आणि २०२२ च्या सुरुवातीला याच गिटहबवर मुस्लीम महिलांचे फोटो टाकून त्यांचा 'लिलाव' मांडणारी ॲप्स आली होती. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने २०२२ च्या प्रकरणात अटकही केली. त्यामुळे मुलीने गिटहबवर खातं उघडायचं म्हटलं की घरात धास्ती वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण त्यासाठी मुलीचं शिकणं थांबवायचं कारण नाही. गिटहबला फोटो लागत नाही, खरं नावही दाखवावं लागत नाही, आणि कोड खासगी ठेवण्याची सोय फुकट आहे. नोकरीच्या वेळी हवा तेवढाच भाग उघडा करता येतो.

प्ले स्टोअरवर मात्र नीट लक्ष द्या. तिथे खात्यावर तुमचं कायदेशीर नाव आणि देश दिसतो. ॲपमधून प्ले स्टोअरवर पैसे कमवायचं ठरवलं तर पूर्ण पत्ताही सगळ्यांना दिसतो. मुलीच्या नावाने खातं काढताना घरच्यांनी हे आधी ठरवावं. सुरुवातीला ॲप मोफतच ठेवलेलं बरं.

क्लास लावायचाच असेल तर

वर सांगितलेलं दीड-दोन महिने करून पाहिलं आणि मुलगा किंवा मुलगी अजूनही स्वतःहून लॅपटॉप उघडत असेल, तर मग क्लासचा विचार करा. क्लासवाल्यांना विचारा, मागच्या बॅचच्या मुलांची कुठली ॲप्स प्ले स्टोअरवर आहेत? नावं द्या, आम्ही इथेच फोनवर शोधतो. नोकरीची हमी असेल तर ती कागदावर मागा. सगळी फी एकदम भरू नका. एक तास वर्गात बसू द्या म्हणा, आणि शिक्षक स्वतः कोड लिहून दाखवतो की स्लाईड वाचतो, ते पाहा.

सरकारी आणि नियमित रस्तेही आहेत आणि ते स्वस्त पडतात. आयटीआयमध्ये 'कोपा' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. पॉलिटेक्निकच्या संगणक डिप्लोमात मोबाईल ॲप डेव्हलपमेंट हा स्वतंत्र विषय शिकवला जातो. बीएस्सी आयटी तर आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत आहे. एमएस-सीआयटी मात्र वेगळी गोष्ट. ती संगणक वापरायला शिकवते, ॲप बनवायला नाही. एआयकडून कोड लिहून घेण्याबद्दलही मुलं विचारतात. घ्या, पण ओळीचा अर्थ सांगता येत नसेल तर ती ओळ आपल्या ॲपमध्ये ठेवू नका. खालांचे दोन हिस्से एआयला माहीत नसतात.

प्ले स्टोअरवर चढवताना

प्ले स्टोअरच्या डेव्हलपर खात्याची फी एकदाच २५ डॉलर आहे, रुपयांत दोन हजारांच्या थोडं वर. खातं काढणारा १८ वर्षांचा हवा, त्याची ओळख तपासली जाते. मुलगा लहान असेल तर घरातल्या मोठ्या माणसाने खातं काढावं. ॲप चढवलं म्हणजे काम संपलं असंही नाही. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीप्रमाणे ते दरवर्षी अद्ययावत करत राहावं लागतं.

नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आणखी एक अट आहे. ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी ते सलग १४ दिवस चाचणी म्हणून आपल्या फोनवर ठेवावं लागतं. आधी हा आकडा २० होता. नवशिके इथेच अडकतात आणि इंटरनेटवर अनोळखी लोकांकडून पैसे देऊन 'टेस्टर' विकत घेतात. तुम्हाला त्याची गरज नाही. अम्मीच्या भिशीत बारा जणी आहेतच. प्रत्येकीचा जीमेल पत्ता घ्या, चाचणीची लिंक पाठवा, आणि चौदा दिवस कुणीही मध्येच चाचणीतून बाहेर पडू नका एवढं सांगा. त्या काळात कुठलं बटण सापडत नाही, कुठला शब्द कळत नाही, हे त्या स्वतःहून सांगतील. ते लिहून ठेवा, कारण ॲप खुलं करण्यासाठी अर्ज करताना गुगल हेच विचारतं : चाचणीत काय कळलं आणि तुम्ही काय बदललंत.